काउंट शून्य असताना

बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, आम्ही बाहेरचं काहीच दिलं नाही. पाणी उकळून दिलं, मास्क लावला, कुणाला भेटू दिलं नाही. मग जंतू आला कुठून?" ब्लड कल्चरच्या रिपोर्टवर ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला असं नाव छापून आलेलं असतं. विचारणाऱ्याच्या मनात अपराधीपणा असतो. काल आणलेल्या पेजेचा डबा नीट झाकला नव्हता का, हात धुवायचे राहिले का, असं आत काहीतरी कुरतडत असतं. बहुतेक वेळा याचं खरं उत्तर असं, की जंतू बाहेरून आलाच नाही. तो पेशंटच्या आतड्यातच होता, कदाचित कित्येक वर्षं. रक्तात शिरायला त्याला वाट नव्हती, ती किमोने करून दिली.

माणसाच्या शरीरात आणि अंगावर मिळून अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. एक ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या आसपास. एवढा मोठा जमाव आणि आपलं रक्त यांच्यामध्ये काय असतं? पेशींचा एकच थर, त्यावर चिकट श्लेष्माचं अस्तर आणि खाली गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी. हा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. जुन्या पेशी गळतात, तळाच्या खळग्यांतून नव्या वर सरकतात. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारणं हेच किमोचं काम. कॅन्सरची पेशी कोणती आणि आतड्याची कोणती, हे तिला कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि तोंडात दिसणारे तसलेच व्रण न दिसणाऱ्या आतड्यातही पडतात.

याच दिवसांत रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपतात. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलीटरला दोन ते सात हजार असतात. या पेशी अल्पायुषी. मज्जेतला कारखाना बंद पडला की साठा टिकत नाही. ५०० च्या खाली आकडा गेला की वॉर्डातली भाषा बदलते: "काउंट पडलेत." मायलोमाच्या रुग्णाला मेल्फालान या किमोचा मोठा डोस देऊन स्वतःच्याच स्टेम सेल परत दिल्या जातात, ल्युकेमियात बहुधा दात्याच्या. पेशी देण्याच्या दिवसाला 'डे झिरो' म्हणतात. प्रत्यक्षात तो दिवस अगदी साधा असतो, रक्त चढवल्यासारखी एक पिशवी चढते. खरे कठीण दिवस त्यानंतरचे. काउंट शून्याला टेकलेला असतो, नव्या पेशी मज्जेत रुजून वर यायला दोन आठवड्यांच्या मागेपुढे लागतात आणि तोवर आतड्याची भिंत ठिकठिकाणी उघडी असते.

या काळात इन्फेक्शन ओळखणंही अवघड. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. त्याच नसतील तर पू होणार कुठून? जखम लाल होत नाही, एक्स-रेत न्यूमोनिया उशिरा दिसतो, आतडं फुटायला आलं तरी पोट मऊ लागू शकतं. शरीराकडे आरडाओरडा करायला माणसंच उरलेली नसतात. उरतो फक्त ताप. म्हणून किमोच्या रुग्णाला घरी पाठवताना नर्स एक आकडा पाठ करून घेतात, १००.४. एरवी ज्या तापाला आपण क्रोसिन घेऊन कामावर जातो, तो इथे मध्यरात्री गाडी काढून हॉस्पिटल गाठायचा ताप असतो. आधी क्रोसिन घेऊन 'बघू उतरतो का' असं करणं इथे धोक्याचं, कारण एकुलती एक खूण त्याने पुसली जाते.

हे शहाणपण फार जुनं नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या जेराल्ड बोडी यांनी १९६६ मध्ये ५२ ल्युकेमिया रुग्णांच्या नोंदी मांडल्या. न्यूट्रोफिल जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. आज हे उघड वाटतं. तेव्हा मात्र डॉक्टर कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत, आणि स्युडोमोनाससारखा जंतू रक्तात असेल तर रुग्ण रिपोर्टआधीच जाई. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ उलट केलं. ताप आला की कोणता जंतू आहे याची वाट न बघता कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू. ती औषधं आता मागे पडली, तत्त्व तेच राहिलं. आजही ताप दिसल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला पाहिजे असं मानतात. आधुनिक कॅन्सर उपचारांच्या यशाची कथा सांगताना नव्या गोळ्यांची नावं खूप घेतली जातात. माझ्या मते या एका तासाने वाचवलेले जीव त्या यादीत फार वर लिहायला हवेत. पण त्याच तासाने पुढे एक वेगळीच पंचाईत उभी केली. तिच्याकडे येऊच.

उजव्या कुशीतली कळ

काउंट शून्य असताना पोटाच्या उजव्या, खालच्या बाजूला दुखू लागलं, सोबत ताप आणि जुलाब असले की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो. एरवी अपेंडिक्सकडे बोट दाखवावं अशी ती जागा. इथे संशय असतो सीकमवर. मोठ्या आतड्याची सुरुवात म्हणजे ही पिशवी. तिचा रक्तपुरवठा बेताचा, आतला मळ पातळ आणि मुक्काम लांब. व्रणांतून जंतू भिंतीत शिरतात, भिंत सुजते, काळी पडते, कधी फुटते. याला टिफ्लायटिस म्हणतात. १९७० च्या सुमारास ल्युकेमियाने दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांत तो लक्षात येऊ लागला. आता सीटी स्कॅनवर भिंत चार मिलीमीटरपेक्षा जाड दिसली की जिवंतपणीच कळतो. इलाज म्हणजे तोंडाने सगळं बंद, शिरेतून अँटिबायोटिक आणि वाट पाहणं. प्लेटलेट दहा-पंधरा हजारांवर असलेल्या माणसाचं पोट उघडायला सर्जन सहसा धजत नाही, आणि बऱ्याचदा तेच योग्य ठरतं. काउंट वर आले की आतडं आपोआप सावरू लागतं. आतडं फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना झाला तर मात्र ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही.

जंतूविरहित खोलीचं स्वप्न

आतड्यातले जंतूच घात करत असतील तर ते सगळेच मारून टाकले तर? ही कल्पना सुचणं साहजिक होतं, आणि तिला प्रयोगांचा आधारही मिळाला. नेदरलँड्समधल्या रिज्स्विक इथे डिर्क फान बेक्कुम यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवलं, की जन्मापासून जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांत दुसऱ्याची मज्जा घातली तर जीव्हीएचडी फारच कमी होतो. जीव्हीएचडी म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर उलटणं. परक्या दात्याच्या ट्रान्सप्लांटमधलं हे सगळ्यात भयाचं प्रकरण. माणसांसाठीही तशा खोल्या बांधल्या गेल्या. पुढे १९९० चं नोबेल मिळवणाऱ्या डॉनल थॉमस यांच्या सिएटलच्या केंद्रात रुग्ण गाळलेल्या हवेच्या झोतात राहत, जेवण निर्जंतुक करून येई आणि पोटात न शोषली जाणारी अँटिबायोटिक औषधं तोंडाने दिली जात, आतडं धुऊन काढायला. मज्जा वाळून जाणाऱ्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांत अशा खोलीत जीव्हीएचडी कमी झाल्याचं त्यांनी १९८३ मध्ये नोंदवलं. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवानींनी भारतातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं.

ल्युकेमियात मात्र या सगळ्या खटाटोपाचा फायदा प्रत्येक वेळी दिसेना. औषधं इतकी कडू आणि मळमळ आणणारी की रुग्ण ती पूर्ण घेत नसत. अर्धवट धुतलेल्या आतड्यात पुन्हा जे उगवे ते बहुधा औषधाला दाद न देणारं. उंदीर जन्मतः निर्जंतुक होता, माणूस नव्हता, हा फरक छोटा नाही. या खोल्यांतली गाळलेली हवा तेवढी टिकली, कारण ती हवेतल्या बुरशीचे बीजाणू अडवते. बाकीचं हळूहळू सुटलं. पण 'जितके जंतू कमी तितकं बरं' ही समजूत डॉक्टरांच्या आणि नातेवाईकांच्या मनातून अजून पुरती गेलेली नाही.

हॅम्स्टर आणि क्लिंडामायसिन

या समजुतीला तडा देणारा जंतू दुसऱ्याच वाटेने आला. १९३५ मध्ये अमेरिकेत हॉल आणि ओटूल या दोघांनी ठणठणीत नवजात बाळांच्या मळातून एक जीवाणू वेगळा केला. तो वाढवणं महाकर्मकठीण, पण बाळांना त्याचा काही त्रास नव्हता. चाळीस वर्षं तो विस्मृतीत राहिला. १९७४ मध्ये सेंट लुइसमधल्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या २०० रुग्णांना नीट तपासलं. पाचातल्या एकाला जुलाब झाले होते आणि दहातल्या एकाच्या आतड्यावर पिवळट चट्ट्यांचा पापुद्रा धरला होता. औषधच विषारी असावं असा आधी कयास होता. जॉन बार्टलेट यांनी हॅम्स्टरवर काम सुरू केलं. हे प्राणी क्लिंडामायसिनने मरत, पण व्हँकोमायसिन दिलं तर वाचत. म्हणजे मारणारं औषध नव्हतं, जंतू होता. १९७८ पर्यंत गुन्हेगार सापडला. तो नवजातांच्या मळातला विसरलेला जीवाणू, आजचा क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल. वॉर्डात त्याला 'सी डिफ' म्हणतात.

त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. शेत नांगरून साफ केलं की पहिलं पीक तणाचं येतं, तसा हा. बाकीचे जीवाणू जागेवर असताना सी डिफला थारा नसतो. त्यांतले काही पित्तातल्या आम्लांचं असं रूपांतर करतात की सी डिफची वाढ खुंटते. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स या जातीचं हे काम दाखवून दिलं. अँटिबायोटिकने हे शेजारी मेले की कवचात निपचित पडलेले सी डिफचे बीजाणू जागे होतात, दोन विषं सोडतात आणि आतड्याच्या पेशींचा सांगाडाच ढासळतो.

ट्रान्सप्लांटच्या रुग्णाकडे सी डिफला हवं ते सगळं असतं: लांबलेला हॉस्पिटलचा मुक्काम, एकामागून एक अँटिबायोटिक, सोललेलं आतडं. साहजिकच इतर रुग्णांपेक्षा त्यांच्यात तो कितीतरी जास्त आढळतो. निदान मात्र अवघड होऊन बसतं. जुलाब तर किमोनेही होतात. मळात सी डिफचं जनुक सापडलं म्हणजे आजार त्यानेच केला असं नाही. नुसता वस्तीला असलेला जंतूही त्या चाचणीत पकडला जातो, म्हणून विष प्रत्यक्ष सापडतं का हे पाहावं लागतं. दुर्बिणीने आतडं पाहिलं तरी तो पिवळा पापुद्रा या रुग्णांत अनेकदा नसतोच, कारण तोही बऱ्याच अंशी न्यूट्रोफिलचाच बनलेला असतो.

इलाजातही एक गंमत आहे. व्हँकोमायसिन मूळ बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून मिळालेलं, १९५८ पासून वापरातलं औषध. ते पोटातून रक्तात शोषलंच जात नाही. रक्तातल्या जंतूसाठी ते शिरेतूनच द्यावं लागतं. आतड्यातल्या जंतूसाठी मात्र हा दोषच उपयोगी पडतो. तोंडाने घेतलं की सगळं औषध जिथे हवं तिथेच उतरतं. एक गोष्ट नातेवाईकांनी ध्यानात ठेवावी अशी: दाराशी टांगलेल्या सॅनिटायझरने सी डिफचे बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवावे लागतात. कोविडनंतर सॅनिटायझरवर आपला जो आंधळा विश्वास बसलाय, तो इथे नडतो.

मळाची डायरी

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये साधारण २००९-१० पासून काही डॉक्टर ट्रान्सप्लांटच्या रुग्णांचे मळाचे नमुने सातत्याने जमा करू लागले. एरिक पामर, मार्सेल फान डेन ब्रिंक, यिंग टाऊर ही त्यांतली काही नावं. जंतू वाढवत बसण्याऐवजी त्यांनी डीएनए वाचून आत कोण किती आहे हे मोजलं. ट्रान्सप्लांटआधी शेकडो जातींची मिसळ असलेलं आतडं काही दिवसांत एकसुरी होत जातं. एखादी जात ३० टक्क्यांहून जास्त जागा व्यापते तेव्हा तिला त्यांनी वर्चस्व म्हटलं. २०१२ मध्ये ९४ रुग्णांवरून त्यांनी दाखवलं, की आतड्यात एन्टेरोकॉकस या जीवाणूचं वर्चस्व झालं तर व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस रक्तात जाण्याचा धोका नऊ पटींनी वाढतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या कुळाचं वर्चस्व झालं तर तसले जंतू रक्तात जाण्याचा धोका पाच पट. मेट्रोनिडॅझोल घेतलेल्यांत एन्टेरोकॉकस वरचढ होण्याचं प्रमाण तिप्पट होतं. आपल्याकडे पोट बिघडलं की मेडिकलमधून सहज आणलं जातं तेच हे औषध. ल्युकेमियातून उठलेल्या माणसाने तरी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पण रक्तातला जंतू खरंच आतड्यातलाच होता, हे कशावरून? जात एक असली म्हणजे वंश एक असं नव्हे. स्टॅनफर्डमध्ये अमी भट्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये रक्तात जंतू सापडलेल्या ३० रुग्णांचे रक्तातले जंतू आणि मळातले जंतू अक्षरशः जनुकापर्यंत ताडून पाहिले. बऱ्याच जणांत ते जुळले. त्वचेवरून सलाइनच्या नळीतून शिरतात असं मानलेले काही जंतूही आतड्यात सापडले. सुरुवातीच्या त्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मिळणं कठीण.

याच भट्ट यांच्या नावावर एक विचित्र गोष्टही आहे. नाळेतल्या रक्ताने ट्रान्सप्लांट झालेल्या बॉस्टनच्या काही रुग्णांना महिनोन्‌महिने जुलाब होत आणि अँटिबायोटिकने थांबत, जंतू मात्र सापडत नसे. २०११ मध्ये अशा ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी भट्ट यांनी त्या आतड्यांच्या तुकड्यांतल्या डीएनएमध्ये ब्रॅडीरायझोबियमची एक नवी जात शोधली. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जीवाणूची ही भाऊबंद. पण इतर केंद्रांना ना तसे रुग्ण फारसे मिळाले, ना तो जंतू. प्रयोगशाळेतल्या रसायनांतही मातीतले जीवाणू असू शकतात, हेही ध्यानात आलं. यंत्र जितकं बारीक वाचतं तितकं जास्त फसवूही शकतं. आतड्याच्या जीवाणूंबद्दल दर आठवड्याला येणारे मथळे वाचताना हे आठवणीत असलेलं बरं.

२०२० मध्ये न्यूयॉर्क, अमेरिकेतलंच डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग आणि जपानमधलं सप्पोरो या चार केंद्रांनी १,३६२ रुग्णांचे ८,७६७ नमुने एकत्र केले. खाणंपिणं इतकं वेगळं, तरी ट्रान्सप्लांटमध्ये आतडी एकाच रीतीने ओसाड होत गेली. काउंट परत येण्याच्या सुमाराला ज्यांच्या आतड्यात विविधता टिकलेली होती, त्यांच्यात मृत्यू कमी. आता यावरून विविधता वाढवली की माणूस जगेल असं म्हणता येत नाही. जास्त आजारी माणसाला अँटिबायोटिक जास्त मिळतात आणि त्याने विविधता घटते, हेही तितकंच खरं. पण औषधाची निवड महत्त्वाची ठरते असं दिसतं. २०१६ मध्ये याच न्यूयॉर्कच्या गटाने दाखवलं, की इमिपेनेम किंवा पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम मिळालेल्यांत जीव्हीएचडीने होणारे मृत्यू सेफेपिम किंवा अ‍ॅझट्रिओनाम मिळालेल्यांपेक्षा जास्त होते. उंदरांत पाहिलं तर इमिपेनेमनंतर श्लेष्मा खाणारा एक जीवाणू माजतो आणि अस्तरच पातळ होतं. मघाशी म्हटलेली पंचाईत ती हीच. तासाभरात दिलेलं औषध आज जीव वाचवतं आणि दहा दिवसांनी येणाऱ्या संकटाला जागा करून देतं.

दूध, कोशिंबीर आणि पाणी

घरच्यांच्या हातात उरतं ते जेवण, त्यामुळे त्याबद्दलचे वाद सगळ्यात तावातावाने होतात. कच्चं काही नको, कोशिंबीर नको, द्राक्षं नकोत, फळ हवं तर सोलून केळं, हा नेम जगभर होता. १९६०-७० च्या निर्जंतुक खोल्यांचा हा उरलेला अंश. २००८ मध्ये ह्यूस्टनला ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांत शिजवलेलंच अन्न विरुद्ध कच्च्या फळभाज्यांसह अन्न अशी चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. संसर्गात किंवा मृत्यूत फरक नव्हता. इटलीत २२२ ट्रान्सप्लांट रुग्णांत २०२३ मध्ये तेच दिसलं. म्हणजे बंदीने फायदा काही नाही, वर रुग्णाची अन्नावरची वासना जाते ती वेगळीच.

तरी हे निष्कर्ष जसेच्या तसे परळच्या किंवा खारघरच्या कॅन्सर वॉर्डांत उतरवावेत असं मला वाटत नाही. त्या चाचण्यांतली कोशिंबीर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली, नळाचं पाणी पिण्याजोगं. आपल्याकडे बिहार, विदर्भ, कोकणातून आलेलं कुटुंब धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर रांधतं आणि पावसाळ्यात नळाला काय येतं ते सांगायला नको. साल्मोनेला, शिगेला हे बाहेरून येणारे जंतू न्यूयॉर्कच्या ट्रान्सप्लांट वॉर्डात क्वचित भेटतात, आपल्याला ते अनोळखी नाहीत. ताजं, गरम, पुरतं शिजलेलं जेवण आणि उकळलेलं पाणी यांचा आग्रह इथे धरावाच. पण संत्रं सोलून खाल्लं म्हणून आईला रागावण्यात अर्थ नाही.

दुधाची गोष्ट अधिक चमत्कारिक. २०१९ मध्ये फान डेन ब्रिंक यांच्या गटाला आढळलं, की एन्टेरोकॉकस लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर पोसला जातो. ही साखर पचवणारं विकर आतड्याच्या ज्या पेशी बनवतात, त्याच किमोने गळतात. न पचलेलं लॅक्टोज खाली जंतूच्या तोंडी पडतं. उंदरांच्या खाण्यातून ते काढलं तर एन्टेरोकॉकस ओसरला, जीव्हीएचडीही सौम्य झाला. माणसांत ज्यांना जनुकांमुळेच दूध कमी पचतं, त्यांच्या आतड्यात एन्टेरोकॉकसचं वर्चस्व जास्त काळ टिकलं. भारतात असे लोक भरपूर. यावरून दूध बंद करा असा सल्ला अजून कुणी देत नाही, द्यायला माणसांवरचा पुरावा पुरेसा नाही. पण जुलाब चालू असलेल्या पेशंटला 'ताकद येईल' म्हणून पेला-पेला दूध पाजणं थांबवायला एवढं पुरे. घरचं विरजणाचं दही आणि प्रोबायोटिकच्या पुड्या यांबद्दलही ट्रान्सप्लांट केंद्रं हात आखडता घेतात. उघड्या भिंतीतून ते 'चांगले' जीवाणूही रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत.

एकच लक्षण, उलटे इलाज

दात्याच्या पेशींनी ट्रान्सप्लांट झालेल्याला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिरवट, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. सी डिफ असेल, सायटोमेगॅलो विषाणू असेल, किमोचा उरलेला परिणाम असेल किंवा जीव्हीएचडी. जीव्हीएचडीला लागतात भरपूर स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. संसर्गाला नेमकी ती शक्तीच हवी. चुकीच्या दिशेने गेलेले चार दिवस महाग पडतात. मग मळाच्या चाचण्या, सिग्मॉइडोस्कोपी, आतड्याचा कणभर तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे. कधी दोन्ही एकदमच असतात आणि दोन्ही इलाज सोबत चालवावे लागतात. कोणत्याही पुस्तकातला तक्ता इथे अपुरा पडतो. ज्याने असे पाचशे पेशंट पाहिलेत तो डॉक्टर आणि दिवसाला किती लिटर मळ गेला हे चोख लिहून ठेवणारी नर्स, दोघांवर भिस्त असते.

मेलेल्या शेजाऱ्यांना परत आणायचं तर दुसऱ्याचा मळच का देऊ नये? डेन्व्हरमध्ये बेन आइझमन यांनी १९५८ मध्ये चार रुग्णांवर हे केलं होतं. २०१३ मध्ये डच डॉक्टरांनी वारंवार उलटणाऱ्या सी डिफवर हा उपाय व्हँकोमायसिनपेक्षा कितीतरी सरस असल्याचं दाखवलं, आणि एकच उत्साह उसळला. २०१९ मध्ये तो खाली आला. बॉस्टनमध्ये एका प्रयोगात मळाच्या कॅप्सूल घेतलेला ७३ वर्षांचा ट्रान्सप्लांट रुग्ण ई. कोलायच्या रक्तसंसर्गाने दगावला. जंतू अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा होता आणि त्याच दात्याच्या मळातून आलेला. तो मळ अशा जंतूंची चाचणी सक्तीची होण्यापूर्वी साठवलेला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लगेच नियम कडक केले. २०२२ आणि २०२३ मध्ये सी डिफसाठी तपासून, गाळून तयार केलेल्या दोन उत्पादनांना मान्यताही मिळाली. पण ट्रान्सप्लांट आणि ल्युकेमियाच्या रुग्णांत मिनेसोटात झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मळाच्या कॅप्सूलनी आतड्यातली विविधता सुधारली, संसर्ग मात्र कमी झाले नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे क्लेब्सिएला आणि ई. कोलाय आपल्या हॉस्पिटलांतच नव्हे, समाजातही पसरलेत. एनडीएम या विकराने ती औषधं निकामी करणारा जंतू २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात प्रथम ओळखला गेला. रुग्ण ट्रान्सप्लांटला भरती होतानाच तो आतड्यात घेऊन येऊ शकतो, कसलाही त्रास नसताना. म्हणून इथली अनेक केंद्रं भरतीच्या वेळी गुदद्वारातून स्वॅब घेतात. संकोच वाटतो, पण ताप आल्यावर पहिल्या तासात कोणतं औषध द्यायचं हे त्यावर ठरू शकतं. पाश्चात्त्य देशांत प्रतिबंधासाठी दिली जाणारी लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी आपल्याकडे फारसं काम करत नाही, कारण तिला दाद न देणारे जंतू आधीच सर्रास आहेत.

अँटिबायोटिक कधी थांबवायचं, हा यातला सगळ्यात अवघड निर्णय. काउंट येईपर्यंत बंद करायचं नाही, असा जुना शिरस्ता. २०१७ मध्ये स्पेनमधल्या १५७ रुग्णांच्या चाचणीत ताप ७२ तास उतरलेला आणि माणूस सावरलेला असेल तर काउंट आले नसतानाही औषध थांबवलं गेलं. औषधाचे दिवस घटले, मृत्यू वाढले नाहीत. आता आपल्या वॉर्डातला दहावा दिवस घ्या. ताप तीन दिवस नाही, काउंट १००, भरतीचा स्वॅब कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या क्लेब्सिएलासाठी पॉझिटिव्ह. औषध चालू ठेवलं तर आतडं आणखी ओसाड होणार, बंद केलं आणि रात्री ताप परतला तर हाताशी वेळ कमी. राउंडवर सीनियर डॉक्टर फाइल मिटतात, पेशंटला पोटात दुखतंय का विचारतात, उजव्या कुशीत हात दाबून पाहतात आणि रेसिडेंटला सांगतात, "आज बंद करू. दर चार तासांनी टेम्परेचर. १००.४ झालं की मला फोन, कितीही वाजलेले असोत."